पेडलखालचा दुसरा पाय

मुंबईला जाऊन आलं की शेजारणी विचारतात, समुद्र बघितलास का, नटनट्यांचे बंगले बघितलेस का. या खेपेला मी पाय बघून आले. मरोळचे, वर्सोव्याचे, मुलुंडचे. भेगाळलेल्या टाचांचे, जोडवी घातलेले, नेलपॉलिश अर्धं उडालेले. हे उत्तर ऐकलं की शेजारणी चहा घाईने संपवतात आणि उठतात. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं; वाचणारा मध्येच उठला तरी मला दिसत नाही.

माझं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कोल्हापूरजवळ आमचा छोटा कारखाना आहे. गाडीच्या ब्रेक पेडलमागे बसणाऱ्या स्प्रिंगा आणि रबराचे तुकडे आम्ही बनवतो. जुन्या गाडीत तुम्ही पेडल दाबता, तेल पुढे सरकतं, चाकाला चिमटा बसतो, आणि चाकाचं म्हणणं त्याच वाटेने उलटं तुमच्या तळपायापर्यंत येतं. नव्या गाड्यांत ही वाटच काढून टाकली आहे. पेडल फक्त तारेतून निरोप धाडतं आणि थांबवायचं काम चाकाजवळची मोटर करते. पायाकडे परत काहीच येत नाही. जिना संपलेला असताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा, तसं ते रिकामं पेडल लागतं. म्हणून आम्ही त्याच्यामागे स्प्रिंग आणि रबर बसवतो, म्हणजे पायाला वाटावं की पलीकडे कोणीतरी आहे.

आता पलीकडच्या त्या ‘कोणीतरी’चा स्वभाव कसा ठेवायचा, हा माझा पोटापाण्याचा प्रश्न. मऊ ठेवला तर माणूस घाबरून जास्त दाबतो. कडक ठेवला तर दिवसभर गर्दीत पोटरी भरून येते. मी तीन रबरं घेऊन निघाले होते. सगळ्यात मऊ त्याचं नाव खवा, मधला पेढा आणि कडक ती चिक्की. कागदोपत्री त्यांना लांबलचक क्रमांक आहेत, पण ते माझ्याशिवाय कोणाला पाठ नाहीत आणि मलाही नाहीत. शहरातल्या गाडीसाठी यातलं कोणतं, ते ठरवून परत यायचं होतं.

मरोळ

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक बंद पडलेला गाळा आणि त्यामागचं मोकळं आवार आम्ही भाड्याने घेतलं होतं. आवाराच्या टोकाला चुन्याची एक रेघ मारली आणि तिच्या पलीकडे भुशाची पोती रचली. रोज गाडी चालवणारे साधे लोक बोलवायचे, त्यांनी सावकाश येऊन रेघेपाशी थांबायचं आणि पायाला काय वाटलं ते सांगायचं. मी शेजारच्या सीटवर, हातात एक लाल बटण. काही बिनसलं तर ते दाबायचं, गाडी थांबते.

पहिले गृहस्थ अंधेरीत टॅक्सी चालवणारे. ते आले, दार उघडलं, चपला काढल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा नीट जोडीने गाडीबाहेर ठेवल्या आणि अनवाणी आत बसले. आवाराला फेरी मारून रेघेपाशी थांबले, उतरले आणि चपला शोधायला सगळं आवार चालत मागे गेले. मला वाटलं, एखाद्याची सवय असेल. पण त्यांच्यामागून येणाऱ्या बहुतेकांनी हेच केलं. एकाने चपला सीटखाली सरकवल्या, एकीने पर्सशेजारी ठेवल्या. आमच्या गावाने साऱ्या देशाला पायताणं घातली आणि इथे गाडी चालवायची वेळ आली की ती पहिल्यांदा काढतात.

“अहो, पण अनवाणी का?” मी एका बाईंना विचारलं.

“चपलेत कळत नाही ना,” त्या म्हणाल्या. “पाय बहिरा होतो.”

कोल्हापुरात मी केलेल्या सगळ्या चाचण्या कंपनीच्या जाड बुटांत होत्या. बुटांना जो पेढा छान लागला होता, तो इथल्या अनवाणी पायांना कडक लागत होता, आणि पेडलवरच्या रबरी खाचा टोचतात अशीही तक्रार होती. म्हणजे आजवरच्या माझ्या आलेखांची वाट लागली. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मजाच वाटली. इतकी वर्षं पेडलचा विचार करताना मी पाय आणि पेडल यांच्यामध्ये काय असतं याकडे कधी बघितलंच नव्हतं.

मजेत भर घालायला इथल्या लोकांची बोली होतीच. आमच्याकडे पाहुण्याला नावं ठेवायची झाली तर आधी चहा देतात. इथे कटिंग चहा हातात यायच्या आत एक जण म्हणाला, “मॅडम, झकास आहे, पण झोप येते या ब्रेकने.” मी ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं. त्याच्याइतकं नेमकं मला कारखान्यातल्या साहेबांसमोर कधी बोलता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा आली. चाळिशीची, बांधा उंच, दुपट्टा कमरेला घट्ट बांधलेला. राहते मुलुंडला आणि अंधेरीत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. सोबत तिची विद्यार्थिनी होती, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली भारती. दोघींची ओळख मुलुंडलाच झालेली. भारती तिथल्या सोसायट्यांमध्ये मासे विकते आणि प्रज्ञा तिची वर्षानुवर्षांची गिऱ्हाईक. पापलेट निवडता निवडता शिकवणीचं ठरलं होतं.

“ही दोनदा फेल झालीये,” प्रज्ञाने भारतीच्या समोरच सांगून टाकलं. मुंबईत असल्या गोष्टी कानात सांगत नाहीत. “माझ्यासोबत असते तेव्हा एकदम मस्त चालवते. टेस्टला गेली की थांबायच्या रेघेवरून पुढे. दोन्ही वेळा सेम. तुझ्या गाडीत काय करते, बघू तरी.”

पहिल्या भेटीतच मी ‘तू’ झाले होते. कोल्हापुरात याला निदान एक मटणाचं जेवण लागतं.

भारतीने चपला काढल्या, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि गाडी काढली. हात स्थिर, नजर पुढे, वळण तर माझ्यापेक्षा चांगलं घेतलं. रेघ जवळ आली तसा तिचा पाय वेळेवर ब्रेकवर गेला. मी तिकडेच बघत होते. आणि गाडी शांतपणे रेघ ओलांडून पोत्यांकडे निघाली. मी बटण दाबलं.

“ब्रेक का नाही मारलास गं?” प्रज्ञा मागच्या सीटवरून म्हणाली.

“मारला ना, मॅडम. पाय त्याच्यावरच हाय, बघा.”

पाय खरोखर पेडलवरच होता. मी निष्कर्ष काढला की रबर तिला कडक जातंय. गाळ्यात नेऊन पेढा काढला, खवा बसवला. पुन्हा तेच झालं. पाय वेळेवर ब्रेकवर, आणि गाडी रेघेवरून पुढे. या वेळी भारती स्वतःच घाबरली आणि तिने पेडल सगळ्या ताकदीने खाली लोटलं. खवा तो, शेवटपर्यंत गेला. गाडी जागच्या जागी थबकली, आणि मागच्या सीटवर प्रज्ञाशेजारी ठेवलेला भारतीचा डबा उडून माझ्या लॅपटॉपच्या पिशवीवर उपडा झाला. त्यात बोंबलाचं कालवण होतं. पुढे सगळ्या मुक्कामात मी जाईन तिथे मांजरं माझ्याशी आदराने वागत होती.

वर्सोवा

पिशवी खराब केली म्हणून भारतीने मला घरी जेवायला बोलावलं. कोळीवाड्यात शिरताना आधी वास येतो आणि मग रांगांनी बांधलेल्या बांबूंवर दुमडून टाकलेले बोंबील दिसतात, धुणं वाळत घालावं तसे. पलीकडे खाडीत होड्या आणि मढला जाणारी फेरीबोट. घराशेजारच्या बोळात निळ्या ताडपत्रीखाली एक छोटा टेम्पो उभा होता.

तो टेम्पो हाच सगळ्याचा मुद्दा. आधी भारतीचा दीर तो चालवायचा. त्याला बोटीवर नोकरी लागली आणि टेम्पो उभा राहिला. भारतीचे मासे तेव्हापासून दुसऱ्याच्या गाडीत, दुसऱ्याच्या वेळेने जातात. मुलुंडला पोचेपर्यंत तिची ठरलेली गिऱ्हाइकं कामाला निघून गेलेली असतात. ती म्हणाली, मी शिकते, मी चालवते. घरात हसू झालं, पण सासू म्हणाली, शीक. आता दोनदा नापास झाल्यावर त्याच सासूने शब्द फिरवला होता. परीक्षेची तिसरी तारीख पुढच्याच आठवड्यात होती.

“या वक्ताला नाय झाला तं इकून टाकाचा,” सासूबाई मला वाढता वाढता म्हणाल्या. “उभी गाडी खारी हवा खाते गो बाय. पत्र्याला भोकं पडाया लागली. मग कोन घेल?”

 भारतीने माझ्या ताटात आणखी एक तळलेला तुकडा टाकला. ताटाकडे बघत राहिलेली ती बाई मला मरोळच्या आवारातल्या भारतीपेक्षा लहान वाटली, आणि मला तिच्यासाठी वाईट वाटलं.

जेवण मात्र काय सांगू. आम्ही तांबडा-पांढरा रस्सा पिणारी माणसं, मासा म्हटलं की काट्यांशी भांडण. मी चारदा ठसका लागून पाणी प्यायले. सासूबाईंनी शेवटी स्वतः बसून मला काटे काढून दिले, आणि सांगलीकडे, साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे सगळीकडे बायका अशाच अडाणी असतात का, असं मनापासून विचारलं.

मला मात्र काट्यांच्या मध्येच एक शंका सुचली. “होडी थांबवता कशी?” मी विचारलं.

“होरीला कसला आला बिरेक?” त्या हसल्या. “मशीन लांबूनच बंद कराचा. येते आपसूक.”

झालं, मला उत्तर सापडलं. होडीची सवय. ही लांबून सोडून देते, आपसूक थांबेल म्हणून. मी खुशीत येऊन भारतीला माझा शोध सांगितला.

भारतीने माझ्याकडे बघितलं. “मॅडम, मी होरी कवा चालवली? होरीवर पुरुष जातात. मी मासे इकते.”

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं कालथं खाली पडलं. माझा शोध तिथेच, आंबट सोलकढीत बुडाला.

मुलुंड

रविवारी प्रज्ञाने घरी बोलावलं. तिचे वडील वाशिमकडून इथे आले, गिरणीत, गोदामात, जिथे मिळेल तिथे राबले आणि दोन्ही मुलींना शिकवलं. थोरली बँकेत, ही गाड्यांत. घरी दारातच छोटी बुद्धमूर्ती, तिच्यापुढे ताजं फूल, आणि स्वयंपाकघरातून भाजल्या वांग्याचा वास. ज्वारीची भाकरी, भरीत आणि जवसाची चटणी. आमच्याकडे ठेच्याशिवाय पान हलत नाही, पण त्या चटणीपुढे मी ठेच्याचं नाव काढलं नाही. मी तिच्यासाठी कोल्हापुरी चपला नेल्या होत्या. तिने लगेच घालून बघितल्या, आरशासमोर दोन पावलं टाकली आणि म्हणाली, “करकर वाजतात गं. आता सोसायटीला कळणार मी आले ते.”

जेवून आम्ही तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून निघालो. ही साधी, जुनी, तेलाच्या ब्रेकची गाडी. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक पेडल असतं. दोन्ही पेडलं खालून एका सळईने जोडलेली. एक दाबलं की दुसरंही खाली जातं. मी अशी गाडी बाहेरून खूप पाहिली होती, शिकाऊच्या जागी कधी बसले नव्हते. म्हटलं, बसून तर बघू. हट्टच केला.

“चल,” प्रज्ञा म्हणाली. “पण माझ्या गाडीला ओरखडा नको. माझ्या हाताखालच्या एकाही पोराने आजवर गाडी कुठे ठोकली नाहीये.” हे ती अभिमानाने सांगत होती आणि तो अभिमान खरा होता.

डोंगराच्या बाजूच्या शांत गल्लीत मी गाडी घेतली. मीही चपला काढल्या होत्या. जसा देश तसा वेश. पुढे गतिरोधक होता. मी ब्रेकवर पाय नुसता टेकवला. आणि पेडल खाली गेलं. माझ्या जोराशिवाय, अगदी अलगद, जेवढं हवं तेवढंच. गाडी इतकी सुरेख मंद झाली की मी चकित झाले. असं पेडल मला इतक्या वर्षांत करता आलं नव्हतं.

“यात रबर कुठलं टाकलंयस?” मी विचारलं.

“रबर? कसलं रबर?” प्रज्ञा खिडकीतून एका पेरूवाल्याकडे बघत होती.

पुढच्या गतिरोधकाला मी मुद्दाम पाय हलकाच ठेवला. पेडल पुन्हा आपलं आपण खाली गेलं. तेव्हा मी तिच्या पायाकडे बघितलं. नव्या कोल्हापुरी चपलेतला तिचा पाय तिच्या पेडलवर होता.

“तू दाबलास.”

“नाही गं.”

“प्रज्ञा, तू दाबलास. आत्ता. तुझा पाय बघ.”

तिने खाली बघितलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली. तिला पाय पेडलपासून लांब ठेवायला लावले आणि गल्लीचा तोच तुकडा पुन्हा चालवला. आता पेडल चांगलं घट्ट होतं, सरळ जोर लावल्याशिवाय हलेना. मग तिला म्हटलं, नेहमीसारखी बस. की लगेच पेडल माझ्या पायाखालून लोण्यासारखं खाली.

भारतीचं कोडं तिथे सुटलं. मरोळला येईपर्यंत तिने आयुष्यात दुसऱ्या कोणत्याच गाडीचा ब्रेक दाबलेला नव्हता. पाय टेकवला की पेडल खाली जातं आणि गाडी थांबते, ब्रेक म्हणजे असाच असतो, असं तिच्या पायाने शिकून घेतलं होतं. परीक्षेला गाडी हीच, पण शेजारी आरटीओचे साहेब बसत. तिचा पाय पेडलवर वाट बघायचा आणि पलीकडून कोणीच यायचं नाही.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा प्रज्ञा आधी चिडली. “मग बाकीची पोरं कशी पास होतात? सांग ना.”

“त्यांनी बापाची गाडी, मित्राची स्कूटर, काहीतरी चालवलेलं असतं. त्यांना खरा ब्रेक माहीत असतो. हिचा पहिला ब्रेक तूच.”

तिने पाय पेडलवरून मागे ओढून घेतला आणि म्हणाली, “शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात एक पोरगा टँकरच्या मागे जाऊन थिजला होता. पाय उचलेचना. मी मारला ब्रेक, हातभर राहिला टँकर. तेव्हापासून हा पाय असाच असेल बहुतेक. आणि मी तिला सांगत होते, तू घाबरतेस, तुला भीती आहे.” तिचे डोळे भरून आले. “भीती माझी होती रे यार.”

मी पेरूवाल्याकडून दोन पेरू घेऊन आले आणि आम्ही गाडीत बसून ते मीठ न लावता खाल्ले.

पुन्हा मरोळ

प्रज्ञाने सोमवारी भारतीला आडवळण न घेता सांगितलं. “भारती, तुझा ब्रेक आजपर्यंत मी मारत होते. मला पण माहीत नव्हतं. चूक माझी.”

भारती विचारात पडली. “म्हंजे मी गाडी अजून एकदा पन थांबवली नाय?”

“नाही.”

मला वाटलं ती रडेल किंवा भांडेल. तिने पदर खोचला आणि चपला काढल्या. “मंग चला. आज थांबवते.”

मी माझ्या गाडीत चिक्की बसवली, सगळ्यात कडक. या पेडलला स्वतःहून जाणं माहीतच नव्हतं. मी मागे बसले आणि प्रज्ञा पुढे, भारतीशेजारी. माझ्या गाडीत तिच्या बाजूला पेडल नव्हतंच, तरी तिचा पाय खालचा पत्रा दाबू लागला. पत्रा दाबला की अंग पुढे कलतं, तिचा श्वास अडतो आणि भारतीला ते सगळं कळतं. शेवटी प्रज्ञाने बेल्ट लावला, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली, पंगतीला बसावं तशी.

“आणि तू,” ती मागे वळून मला म्हणाली, “त्या लाल बटणावरचा अंगठा काढ. तू पण तेच करतेयस.”

खरंच की. मी बटण खाली ठेवलं.

पहिल्या फेरीला गाडी रेघेवरून पुढे गेली आणि पोत्याला जाऊन टेकली. भुसा सांडला.  दुसऱ्या फेरीला पुन्हा पोतं. पुढच्या वेळी रेघ जवळ आली तेव्हा भारतीच्या मांडीचा स्नायू साडीतून ताणलेला मला दिसला. गाडी रेघेच्या अलीकडे धक्का देऊन उभी राहिली.

“हा काय बी करत नाय,” भारती पेडलकडे बघून म्हणाली. “मलाच कराया लागतं.”

मग चिक्की काढून पेढा, आणि शेवटी शाळेची गाडी, प्रज्ञाची मांडी तशीच. शाळेच्या गाडीत बसताना प्रज्ञाला जास्त जड गेलं, कारण तिथे तिचं पेडल खरोखर समोर होतं. भारती रेघेकडे निघाली की प्रज्ञाचा मांडीखालचा पाय हलायचा आणि ती तो हाताने दाबून धरायची. संध्याकाळपर्यंत भारतीचे धक्के कमी झाले.

त्याच दिवशी मी कंपनीला कळवलं. शहरासाठी पेढाच, पण थोडा मऊ करून आणि खाचा बोथट करून, कारण इथे पाय उघडा येतो. शिवाय एक कलम कोणी मागितलं नसताना जोडलं: अशी गाडी ड्रायव्हिंग स्कूलला दिली तर शिकवणाऱ्याने ब्रेक मारल्यावर शिकणाऱ्याचं पेडल गुपचूप खाली जाऊ नये. पायाला हिसका बसावा, कळावं की हा दुसऱ्याने मारला. साहेबांचं उत्तर आलं, “याची गरज काय?” मी म्हटलं, आल्यावर सांगते.

अंधेरी

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी जाळीच्या कुंपणाबाहेर उभ्या होतो. सासूबाईही आल्या होत्या, पण त्या रिक्षातून उतरायला तयार नव्हत्या. भारती गाडीत बसली, शेजारी साहेब, मांडीवर फायलीची पाटी. आठाचा आकडा झाला, मागे घेणं झालं. मग ती सरळ रस्त्याने थांबायच्या रेघेकडे यायला लागली.

गाडी जवळ आली. आणखी जवळ आली. मला वाटलं, गेली. मग तिचा पुढचा भाग खाली झुकला आणि गाडी उभी राहिली. रेघ समोर होती, चाकांच्या पुढे, स्वच्छ पांढरी.

कट्‌ असा आवाज आला तो आमच्या बाजूने. मी खाली बघितलं. प्रज्ञाचा उजवा पाय जमिनीत रुतल्यासारखा दाबलेला होता आणि नव्या चपलेचा अंगठा तुटला होता. माझाही पाय तसाच होता, पण माझं पायताण टिकलं. कोल्हापूरच्या अब्रूपायी सांगते, अंगठा असा तुटत नाही, जोरच तेवढा होता.

भारती उतरली. पास झाल्याचं साहेबांनी सांगितलेलं तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ती कुंपणापाशी येऊन प्रज्ञाला म्हणाली, “मॅडम, सायबांनी पाय लावला का वो?”

मागून येणारे साहेब थांबले. “मी कशाला लावू, बाई? मी लिहीत होतो.”

“मंग मीच थांबवली?”

“तूच गं,” प्रज्ञा म्हणाली, आणि तुटकी चप्पल हातात घेऊन तशीच रडायला लागली. सासूबाई तेव्हा रिक्षातून उतरल्या.

वर्सोवा, निघताना

रबराच्या राहिलेल्या चाचण्यांचं निमित्त करून मी मुक्काम वाढवला. खरं कारण भारतीचं लायसन. ते आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी कोळीवाड्यात गेले. निळी ताडपत्री घडी करून भिंतीशी ठेवली होती. टेम्पोचा पत्रा दाराखाली खाल्लेला होता, पण धुऊन पुसून हार घातला होता. मागे बर्फातल्या टोपल्या. सासूबाईंनी नारळ फोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला. यात काटे नाहीत, हेही सांगितलं.

पहिली फेरी मुलुंडची आणि प्रज्ञा सोबत जाणार होती. आत जागा दोघींचीच, म्हणून मी बोळाच्या तोंडाशी उभी राहिले. भारतीने चपला काढून सीटखाली सरकवल्या. टेम्पो निघाला. पुढच्या वळणावर दोन माणसं जाळ्याचा मोठा भारा खांद्यावर घेऊन आडवी आली.

टेम्पोचा मागचा लाल दिवा लागला. गाडी थांबली, माणसं सावकाश ओलांडून गेली. मी डावीकडच्या खिडकीत बघितलं. कोणी सांगितलं नव्हतं, त्या बाजूला ब्रेकही नव्हता, तरी काचेच्या खालच्या कडेशी प्रज्ञाचा गुडघा दिसत होता. तिने मांडी घातली होती.